अभ्यास कुणाचा, पगार कुणाला

पगाराची स्लिप मेलवर आली की आपण बहुतेक जण सगळ्यात खालचा आकडा बघतो आणि फाइल बंद करतो. मधल्या ओळींत एक ओळ असते: पी.टी., २०० रुपये. फेब्रुवारीत ती ३०० होते, म्हणजे वर्षाचे २,५००. आमच्या टीममधल्या एका नवीन पोरानं विचारलं, हे पी.टी. काय असतं? उत्तर आलं, "प्रोफेशनल टॅक्स. सगळ्यांचा कापतात, सोड."

ती ओळ सोडून देण्यासारखी नाही. १९६५ साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी एक प्रयोग सुरू केला: ज्याला काम हवं त्याला सरकारनं काम द्यायचं. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागणं हा हक्क आहे, असं सांगणारा कायदा. हक्क म्हटला की खर्च आला. त्यासाठी १९७५ मध्येच व्यवसाय कर लागू केला होता. शहरात दरमहा पगार घेणाऱ्यानं थोडे द्यायचे, सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची, आणि त्यातून कुठेतरी पाझर तलाव खोदणाऱ्या बाईची मजुरी निघायची.

त्याच सुमारास, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले दोन अर्थतज्ज्ञ, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ, यांनी भारतातल्या गरिबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०–६१ च्या किमतींनुसार खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, याच्या खाली पोटापुरतं अन्नही परवडत नाही, असं त्यांनी मांडलं. किती लोक त्या रेषेखाली आहेत ते मोजलं. मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामं काढा आणि त्याचा भार वरच्या थरावर टाका, हेही सांगितलं. रोजगार हमी पागेंची, तिचं श्रेय त्यांचंच. पण "कामाचा हक्क द्यायचा तर तो किती जणांना, किती रुपयांत, कुणाच्या खिशातून" हा हिशेब करायला कुणीतरी महिनोन्‌महिने बसावं लागतं. दांडेकर आणि रथ त्याच कामाचा पगार घेत होते.

मी कोड लिहितो. अर्थशास्त्र आणि कायदा माझा प्रांत नाही. हे सगळं शोधत बसलो ते घरात पेटलेल्या एका वादामुळे.

आमचं गाव जासई. तालुका उरण, जिल्हा रायगड, आणि आता बोलताना सगळे नवी मुंबई म्हणतात. माझी चुलत बहीण अर्थशास्त्रात एम.ए. झाली, नेट पास झाली, फेलोशिप मिळाली. आता बंदराच्या आसपासच्या ठेकेदारी कामावर पीएच.डी. करते आहे. तिचे वडील, म्हणजे माझे काका, एका कंटेनर यार्डात १७ वर्षं आहेत. गाडी आत आली की कंटेनरचे नंबर आणि सील तपासून नोंदवायचे, हे त्यांचं काम. १७ वर्षांत ठेकेदार चार झाले. यार्ड तेच, गेट तेच, काकांची जागाही तीच. फक्त दर ठेकेदारागणिक त्यांची कामावर रुजू झाल्याची तारीख नवी होते.

तिची फेलोशिप महिना ३७,००० रुपये. काकांच्या हातात पडतात त्याहून हा आकडा बराच मोठा आहे. ज्या दिवशी घरात हे कळलं त्या दिवशी आनंदच झाला, पेढे वाटले. चार दिवसांनी ती वही घेऊन काकांसमोर बसली आणि विचारू लागली, शिफ्ट किती तासांची, ओव्हरटाइम कसा लावतात, पावती मिळते का. काकांनी दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि म्हणाले, "आमचेवर अभ्यास करून तुला पगार मिलनार. आमाला काय मिलनार?"

ते चिडून नाही बोलले. खरंच विचारत होते.

आमच्या घरात त्यावर तीन दिवस चर्चा झाली. काकू म्हणाली, लेकीला मिळतात ते आपल्यालाच मिळाले ना. हे उत्तर घरापुरतं बरोबर आहे, पण ते प्रश्नाला बगल देतं. काकांच्या शेजारी उभा राहून तेच काम करणाऱ्या माणसाची मुलगी ती नाही. त्याचीही मुलाखत ती घेणार आहे. त्यानं हाच प्रश्न विचारला तर?

कामगार कायदा, मानवी हक्क, सार्वजनिक वित्त असे विषय घेऊन विद्यापीठात करिअर करता येतं, हे आमच्या गावात फारसं कुणाला माहीत नाही. वकील माहीत आहे. शिक्षक माहीत आहे. नेटच्या परीक्षेत मानवी हक्क हा स्वतंत्र विषय आहे, कामगार कल्याणाचाही वेगळा पेपर आहे, हे मलाही तिच्यामुळे कळलं. सोपी वाट नाही ती. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, आणि मग कॉलेजं तासिका तत्त्वावर माणसं घेतात. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. म्हणजे वर्गात उभं राहून कंत्राटी कामगारांचे हक्क शिकवणारा माणूस स्वतः काकांपेक्षा फार वेगळ्या जागी असेलच असं नाही. हे मी बहिणीला म्हटलं तर ती म्हणाली, "दादा, तो माझ्या प्रबंधाचा दुसरा भाग होऊ शकतो." हसलो आम्ही, पण तिनं ते वहीत लिहून घेतलं.

तरीही काकांचा प्रश्न तिथेच राहतो. दुसऱ्याच्या अडचणीवर आपला पगार उभा करणं योग्य आहे का?

यावर पहिलं उत्तर सुचतं ते डॉक्टरचं. डॉक्टर आजारावरच जगतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही. पण डॉक्टरकडे रोगी स्वतः जातो, आणि गुण आला की नाही हे रोगीच ठरवतो. नाही आला तर दुसऱ्या दारात जातो. अभ्यासकाचं तसं नसतं. अभ्यासक काकांकडे येतो, काका त्याच्याकडे जात नाहीत. अभ्यास चांगला झाला की वाईट हे ठरवतात मार्गदर्शक, परीक्षक आणि एखादं इंग्रजी नियतकालिक. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस या साखळीत कुठेच नाही. आमच्या क्षेत्रात एखाद्या अॅपसाठी लोकांशी तासभर बोलायचं तरी गिफ्ट व्हाउचर देतात, आणि पुढच्या आवृत्तीत निदान त्यांची एखादी तक्रार मिटलेली असते. व्हाउचर म्हणजे काही थोर नीतिमत्ता नव्हे. पण समोरच्याच्या तासाला किंमत आहे, एवढं तरी त्यात मान्य केलेलं असतं.

दुसरं उत्तर इतिहासाचं. आणि तिथे जासईत वाढलेल्या माणसाची जरा पंचाईत होते, कारण आमच्याकडचा इतिहास म्हणतो की प्राध्यापकांची गरजच नाही.

दर जानेवारीत आमच्याकडे हुतात्म्यांना अभिवादन असतं. सिडकोची स्थापना १९७० ची. नवं शहर वसवायला ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या गावांच्या जमिनी घेतल्या. जमीन संपादनाचा कायदा तेव्हा १८९४ चा होता. १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर भावासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले. चिर्ले, धुतूम, पागोटे या गावांचे. नेते होते दि. बा. पाटील, जासईचेच. ते वकील होते, आमदार-खासदार होते. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ मालकाला परत.

आमच्याकडे साडेबारा टक्के हा शब्द लग्न ठरवताना, भांडणात, बँकेत, सगळीकडे येतो. लहानपणी मला वाटायचं ती एखादी परीक्षा आहे. त्यामागचा विचार किती मोठा आहे हे बहिणीनं १८९४ चा कायदा दाखवला तेव्हा कळलं. त्या कायद्याचं २४ वं कलम म्हणतं की, संपादनानंतर जमीन ज्या कामाला लावली जाईल त्यामुळे वाढणारी किंमत मोबदला ठरवताना धरायची नाही. म्हणजे भाताचं खाचर घेतलं तर भाव खाचराचा. उद्या तिथे बंदर होणार, रस्ता होणार, त्याचा भाव त्यात नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, चिर्ल्याला उतरणारा. जमिनीचे भाव कुठे गेले ते इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळतं.

ही वाढ कुणाची? शेतकऱ्यानं ती निर्माण केली नाही, हे खरं. पण नंतर प्लॉट घेणाऱ्यानंही केली नाही. ती झाली सार्वजनिक पैशातून बांधलेल्या बंदरामुळे, रस्त्यामुळे, पुलामुळे. सार्वजनिक अर्थशास्त्रातला हा फार जुना प्रश्न आहे, त्यावर ग्रंथ आहेत. आणि आमच्याकडच्या माणसांनी रस्त्यावर उतरून त्याचं एक उत्तर मिळवलं: ज्याची जमीन गेली तो त्या वाढीतला भागीदार राहील. पूर्ण नाही, साडेबारा टक्क्यांचा. २४ व्या कलमानं दाराबाहेर ठेवलेली गोष्ट मागच्या दारानं थोडी आत आली.

याला प्राध्यापक लागला नव्हता. त्याआधीही नाही. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी १९३३ पासून जमिनी कसायचं बंद केलं, सहा वर्षं संप चालला. नेते नारायण नागू पाटील. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. लोखंड्यांनी गिरणीत नोकरी केली होती, ते 'दीनबंधू' चालवत होते. कुठल्या विद्यापीठात नव्हते.

मग करिअर कशाला? सगळं तर लढून मिळालं.

पण लोखंड्यांनी १८८४ मध्ये केलं काय ते बघितलं तर चित्र जरा बदलतं. त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, पगाराची तारीख, अपघात झाला तर भरपाई अशा मागण्यांचा मसुदा केला, आणि त्याखाली ५,५०० कामगारांच्या सह्या घेतल्या. हा अभ्यासच आहे. कुठे दुखतंय हे शेकडो माणसांकडून नीट ऐकायचं, त्यातलं समान काय ते शोधायचं, मग ते अशा भाषेत लिहायचं की सरकारला "कळलं नाही" म्हणता येऊ नये. लोखंडे हे काम 'दीनबंधू' चालवता चालवता करत होते. काका हे करू शकणार नाहीत. अक्कल कमी म्हणून नाही, त्यांची शिफ्ट १२ तासांची आहे म्हणून.

विद्यापीठातली करिअर म्हणजे मला आता तरी एवढंच वाटतं: समाजानं पैसे देऊन काढलेला वेळ. एका माणसाला सांगायचं, तू १२ तासांची शिफ्ट करू नकोस, तू बसून हे नीट समजून घे. आणि ते पैसे कुणाचे? ३७,००० ची फेलोशिप करांतून येते. काका मोबाइलचा रिचार्ज मारतात, बिस्किटाचा पुडा घेतात, त्या प्रत्येकात कर असतो. म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास होतोय त्या माणसाचा तो अभ्यास करवून घेण्यातही थोडा वाटा आहे. "आमाला काय मिलनार" हा मालकाचा प्रश्न आहे, याचकाचा नाही. बहिणीला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मालक आहेत तर मग विषयही त्यांनीच ठरवायला हवा होता." हा मुद्दा मला सुचला नव्हता.

काढून दिलेल्या या वेळाचं काय होऊ शकतं याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण कुणाचं, हे सांगायला नको. बाबासाहेब आंबेडकरांचा फोटो घरोघरी असतो, पण त्यांची ही बाजू मला कॉलेजात कुणी सांगितली नाही. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठासाठी केलेला त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर होता, तो १९२५ मध्ये छापला गेला. कोण किती कर भरतं आणि तो कुठे खर्च होतो, असा कोरडा विषय. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा ते त्याच्या बाजूनं बोलले, आणि या खर्चाचा भार कुणी उचलायचा हा मुद्दाही मांडला. १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयक आणलं, चरीचा संप चालू होता तेव्हाच. १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात ते पुढे होते. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. १९४६ मध्ये कारखान्यातल्या आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली.

बहिणीला एका प्राध्यापकांनी सल्ला दिला होता: वडील ज्या क्षेत्रात काम करतात तो विषय घेऊ नकोस, तटस्थपणा राहत नाही. सल्ला वाईट हेतूचा नव्हता. पण तो एकाच बाजूला दिला जातो. ज्याच्या घरातलं कुणी कधी ठेकेदाराकडे कामाला गेलं नाही, त्याला कुणी विचारत नाही की तुला हा विषय कळेल कसा. तटस्थपणा आकडे मोजताना हवा, उत्तर आपल्याला हवं ते आलं नाही तरी लिहिण्यात हवा. प्रश्न कुठला विचारायचा यात तो नसतो, कधीच नव्हता. खोतीतल्या कुळाचं दुःख माहीत असलेल्या माणसानं वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला म्हणून त्याच्या आकडेमोडीत चूक निघत नाही. उलट, आमच्या घरात बसून मला एक प्रश्न दिसतो जो बाहेरच्याला दिसेल की नाही माहीत नाही. साडेबारा टक्के कशाचे? सातबाऱ्यावरच्या जमिनीचे. ज्याची जमीन जास्त त्याचा प्लॉट मोठा. ज्यानं ती जमीन नुसती कसली, ज्यानं खाडीत मासे धरले, ज्या बाईनं लावणी केली, त्यांच्या नावावर काही नव्हतं, आणि टक्केवारीच्या हिशेबात शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. माझ्या आत्यांनी हक्कसोड लिहून दिली तेव्हा घरात जेवण होतं, साड्या होत्या. आमच्या लढ्यानं मोठ्या प्रश्नाचं उत्तर मिळवलं, पण त्या उत्तरातही कोण बाहेर राहिलं हे मोजायला पुन्हा कुणीतरी बसायला हवं. आणि ते गावातल्याच माणसानं केलं तर लोक ऐकून तरी घेतील.

काकांच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट आहे जी मला सहज सुटत नाही. ती वेळेची आहे.

२००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं एक निकाल दिला, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात, समोर होती गोदी-बंदरातल्या कामगारांची युनियन. एखाद्या कामातली ठेकेदारी सरकारनं बंद केली तरी तिथले ठेकेदाराचे कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत, असं त्यात ठरलं. १९९६ च्या निकालानं होतात म्हटलं होतं, ते फिरलं. काका १७ वर्षं या निकालाच्या आत राहत आहेत आणि त्यांनी त्याचं नाव ऐकलेलं नाही. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात सलग पाच वर्षं सेवा लागायची. काकांची सेवा कागदावर सलग होते न होते तोच ठेकेदार बदलायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. काका मुदतीच्या करारावर आहेत का? की ठेकेदाराचे कायम कामगार आहेत? की दोन्ही नाहीत? बहीण यावरच काम करते आहे. तिचा प्रबंध व्हायला चार वर्षं. मग लेख, मग पुस्तक, मग कुणी वकील तो लेख एखाद्या खटल्यात वापरणार, मग निकाल.

काका ५६ वर्षांचे आहेत.

आंबेडकरांचं खोतीचं विधेयक १९३७ चं, खोती रद्द करण्याचा मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा. ज्यानं १९३३ मध्ये जमीन पडीक ठेवली त्यातले किती जण कायदा बघायला होते? १९८४ मध्ये जे पाच जण गेले त्यांनी साडेबारा टक्क्यांचा एकही प्लॉट पाहिला नाही. जमीन संपादनाचा नवा कायदा, ज्यात ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला जातो आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास आधी करावा लागतो, तो संसदेत मंजूर झाला सप्टेंबर २०१३ मध्ये. दि. बा. पाटील त्याच वर्षी जूनमध्ये गेले. ज्याच्या त्रासातून ज्ञान किंवा कायदा तयार होतो त्याला तो लागू पडत नाही, हा जवळजवळ नियमच दिसतो. आमची आख्खी पिढी त्या नियमाच्या फायद्याच्या बाजूला आहे. माझी इंजिनिअरिंगची फी त्यातूनच भरली गेली.

फरक एवढाच की, रस्त्यावर उतरलेल्यांनी तो सौदा स्वतः पत्करला होता. मुलाखत देणाऱ्या माणसाला असा काही सौदा चालू आहे हे कुणी सांगतच नाही. संमतीपत्रावर सही घेतात, "तुमचं नाव गुप्त ठेवलं जाईल" एवढं सांगतात. "याचा फायदा झालाच तर तुमच्या मुलाला होईल, तुम्हाला बहुधा नाही" हे वाक्य मी अजून कुठल्या संमतीपत्रात पाहिलेलं नाही. बहिणीनं मला चार नमुने दाखवले, एकातही नव्हतं.

म्हणून मला वाटतं की अशा करिअरवर दोन वेगळी देणी असतात. एक लांबचं: नीट मोजा, खरं लिहा, ते पुढे कुणाच्या तरी कामाला येईल. हे सगळे मान्य करतात, याचेच गुण मिळतात, बढती मिळते. दुसरं जवळचं: ज्यानं तुम्हाला दोन तास दिले त्याला त्याच महिन्यात, त्याच्या भाषेत, त्याच्या हातात धरता येईल असं काहीतरी परत करा. याला गुण नाहीत, कुठल्या अर्जात याचा रकाना नाही. धनंजयराव गाडगीळ गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक असतानाच प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, विठ्ठलराव विखे पाटलांसोबत. अर्थतज्ज्ञानं कारखान्याच्या बैठकीला जाऊन बसायचं, उसाच्या भावावर वाद घालायचा. आज एखाद्या तरुण अभ्यासकानं असं केलं तर त्याला विचारतील, पेपर कधी लिहिणार?

आणि हो, हे सगळं फक्त काकांचं आहे असं मला आता वाटत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत अंगमेहनतीबरोबर तांत्रिक कामही होतं. म्हणजे कोड लिहिणारा माणूस कामगार आहे की नाही हा कायद्यात उघडा प्रश्न होता, बंद नव्हता. माझ्या ऑफिसात स्वतःला कामगार म्हणणारं कुणी मला भेटलेलं नाही. एका शुक्रवारी ४० जणांना राजीनामा लिहायला सांगितला तेव्हाही कुणी म्हटलं नाही. राजीनामा आणि कामावरून काढणं यात कायद्यानं काय फरक पडतो हे त्या ४० जणांत एकालाही ठाऊक नव्हतं, आणि सगळे पदवीधर होते. तिथे कुणी वही घेऊन आलं असतं तर बरं झालं असतं.

बहीण आता दर रविवारी दुपारी जासईच्या आमच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसते. यार्डातले कुणी येतात, मोबाइल पुढे करतात. ती त्यांचा प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन शोधते, पासबुक उघडते, कुठल्या ठेकेदाराच्या काळात पैसे भरले आणि कुठल्या नाही हे एका कागदावर मराठीत लिहून देते. ठेकेदारानं भरले नाहीत तर जबाबदारी मूळ कंपनीवरही येते, हेही खाली एका ओळीत लिहिते. काका शेजारी बसून नावं पुकारतात, दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखे. मुलाखती आता तीच माणसं देतात, आणि प्रश्नही सांगतात. "हे विचार ना, गेटपासची नोंद कोण ठेवतो?" हा प्रश्न तिच्या यादीत नव्हता. ठेकेदार बदलला तरी गेटवरची नोंद यार्डाकडेच राहते, म्हणजे सलग १७ वर्षांचा पुरावा कुठेतरी आहे.

तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, रविवारचं हे काम चांगलं आहे पण संशोधन नाही, यात वर्ष वाया जाईल. गेल्या महिन्यात तिनं नऊ जणांची पासबुकं उघडली. त्यातल्या चौघांची मधली १४ महिने कोरी निघाली, आणि चौघांचा ठेकेदार त्या काळात एकच होता. तिनं तो कागद प्रबंधाच्या फाइलला टाचणीनं लावून ठेवला आहे. कुठल्या प्रकरणात घालायचा ते अजून ठरलेलं नाही.